आत घेतलेली कंबर

मुलांनो, आज जरा माझ्याबरोबर एका दुकानात चला. चपला मात्र पायातच ठेवा, तिथे जमिनीवर टाचण्या सांडलेल्या असतात.

दुकान लांबट आहे. रस्त्याकडे काचेचं दार, दाराशी कापड बेतायचं मोठं टेबल, त्यावर खडू, कात्री आणि मापाची टेप. आतल्या भिंतीला शिवणाचं मशीन आहे. मशीनवर एक पिवळा दिवा लोंबतो, इतका खाली की शिवणाऱ्याच्या टकलाला चटका बसेल असं वाटावं. मागच्या दाराने बाहेर पडलं की छोटं अंगण लागतं. अंगणातून जिना वर घरात जातो, आणि अंगणाच्या कोपऱ्यात संडास आहे. दुकानातल्यांना आणि घरातल्यांना मिळून तो एकच.

संडास म्हटल्यावर तुमच्यातलं कुणीतरी खुदकन हसलं. हसा, मी रागावत नाही. या गोष्टीतली मुलगीही आधी हसलीच होती.

मशीनवर जे बसले आहेत त्यांना सगळा रस्ता मास्तर म्हणतो. शाळेतले मास्तर नव्हेत, कपडे शिवणारे. माणूस शांत, बोलणं मोजकं, आणि एका गोष्टीत फार कडक. शिंप्याच्या अंगावरचा कपडा म्हणजे त्याच्या दुकानाची पाटी, असं ते म्हणत. पाटीवरचंच अक्षर वाकडं असेल तर गिऱ्हाईक आत कशाला येईल? म्हणून त्यांच्या सदऱ्याचा खांदा कधी उतरलेला नसे आणि विजारीची कंबर कधी ढिली नसे. काही ढिलं झालंच, तर गिऱ्हाइकांच्या आधी स्वतःचं उसवून, आत घेऊन, इस्त्री मारून मोकळे होत.

त्यांची मुलगी शाळेतून आली की लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या टाचण्या गोळा करी. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून तिचंही नाव टाचणीच पडलं होतं. तिची आई ती रांगत असतानाच गेली. तेव्हापासून घर आणि दुकानातलं गिऱ्हाईक दोन्ही सांभाळत होती तिची आत्या, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आत्याचा आवाज असा, की ती अंगणात कुजबुजली तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघे.

आणि मागच्या दाराशी, उजेडात, स्टुलावर बसून काज-बटणं करायच्या त्या मावशी. नात्याच्या नव्हेत, पण टाचणीला आठवतं तेव्हापासून त्या त्याच स्टुलावर होत्या. दोरा दातांनी तोडायच्या आणि तोडता तोडता कुणाची तरी फिरकी घ्यायच्या.

"टाचणे, आज शाळेत काय शिकलीस?"

"भागाकार."

"मग ही बटणं भाग. चांगली मला, फुटकी तुझ्या आत्याला."

"ऐकलं हं मी," आत्या वरून ओरडे.

"ऐकायलाच बोलले," मावशी म्हणत.

असं ते दुकान. आता नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं एकदम घडलं नाही. थोडं थोडं घडलं, आणि दर वेळी त्याला काहीतरी चांगलंसं कारण मिळालं.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि लोकरीच्या कोटांची रीघ लागली. मास्तर मशीनवरून उठेनासे झाले. पूर्वी अधूनमधून उठून पाय मोकळे करायचे, दारात उभे राहून रस्ता बघायचे. आता जेवायला हाक मारली तरी पुढे वाकून मशीनवरच.

"केवढं काम करतो माझा भाऊ," आत्या गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे. "नाहीतर तुमची पोरं बघा, बसली की लोळतात."

एकदा टाचणीने विचारलं, "बाबा, पाठ दुखत नाही का सारखं वाकून?"

मास्तर म्हणाले, "उलट गं. वाकलं की बरं वाटतं. सरळ झालो की पोटातून मागे पाठीपर्यंत कुणीतरी दाभण घालतंय असं होतं." मग त्यांनाच ते जास्त बोलल्यासारखं वाटलं असावं. "बसून बसून होतं तसं," असं म्हणून त्यांनी पायडल मारलं.

मग अंगाला खाज सुटली. हात, पाठ, तळपायसुद्धा. मास्तर टेबलाच्या कडेला पाठ घासत उभे राहत. "लोकर आहे ना," ते म्हणाले. सगळ्यांना पटलं. लोकर टोचतेच. मावशी म्हणाल्या, "मास्तर, मेंढीचं अंगावर घेतलंत, आता मेंढीसारखं घासा." सगळे हसले, मास्तरही हसले.

त्याच्या काही महिने आधी त्यांच्या रक्तात साखर निघाली होती. घराण्यात कुणाला नव्हती. पण वय झालं की होते, असं म्हणून आत्याने चहातली साखर बंद केली आणि गोळ्यांची डबी नैवेद्यासारखी नेमाने पुढे आणून ठेवायला लागली. मास्तर थोडे उतरले, तेव्हा ती म्हणाली, "बघ, पथ्य लागू पडलं." जेवणातलं तेलकट काही त्यांना नकोसं झालं, तर तेही पथ्यच ठरलं.

थोडे उतरले, असं म्हटलं मी. खरं तर किती उतरले ते कुणालाच कळलं नाही. तुमच्या-माझ्या घरी एखादा माणूस वाळला, तर त्याची विजार खाली घसरते, सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा दिसतो, आणि लगेच कुणीतरी विचारतं, "अरे, काय झालं तुला?" मास्तरांच्या घरी तसं होणं शक्यच नव्हतं. दुकान बंद असलेल्या एका दुपारी टाचणी खाली आली, तर मास्तर स्वतःची करडी विजार उलटी करून मागची शिवण उसवत होते.

"परत?" ती म्हणाली. ही विजार त्यांनी आत घेताना तिने आधीही पाहिली होती.

"धुऊन धुऊन कापड सैल पडतं," मास्तर म्हणाले.

टाचणी शिंप्याची मुलगी. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून बेतायच्या आधी ते भिजवून घ्यायचं, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. तिच्या ओठांवर आलं होतं ते. पण बाबा मान खाली घालून इतक्या काळजीने टाका टाका उसवत होते की ती काही बोलली नाही. संध्याकाळी मास्तर तीच विजार घालून फिरायला गेले. एक सुरकुती नाही. पाटी अगदी झकास.

आता त्या संडासाकडे येऊ.

एका दुपारी शाळेतून आल्या आल्या टाचणी अंगणात पळाली, दार उघडलं आणि नाक धरून बाहेर आली. आत पाणी ओतलेलं होतं, तरी शी वर तरंगत होती. रंग नेहमीचा नव्हता. मापाच्या खडूसारखा, पांढुरका, मातकट. वर तेलाचा तवंग. तिने बादली ओतली. ते गोल फिरलं आणि पुन्हा वर आलं. दुसरी बादली ओतली, तेव्हा कुठे गेलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मैत्रिणींना सांगितलं, "आमच्या संडासात पांढरं भूत राहतं. त्याला पोहता येतं." मैत्रिणी हसून हसून लोळल्या. मग रोज त्या विचारायच्या, "काय गं, भूत काय म्हणतंय?" आणि टाचणी रोज नवीन काहीतरी जोडून सांगायची. मोठी मजा चालली होती.

मग एका सकाळी ती दात घासत जिन्यात उभी होती. बाबा संडासातून बाहेर आले, नळाखाली बादली भरली, आत गेले. पाण्याचा आवाज आला. पुन्हा बाहेर आले, पुन्हा बादली. पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा त्यांची नजर वर जिन्याकडे गेली. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मास्तरांनी मान खाली घातली. लहान मुलाने पकडलं गेल्यावर घालावी तशी.

"नळाला धार नाही आज," ते म्हणाले.

नळाला चांगली धार होती. टाचणीचे कान तापले. तोंडात फेस होता म्हणून बरं, नाहीतर काय बोलावं ते तिला कळलंच नसतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी भुताची खबर विचारली, तेव्हा ती म्हणाली, "गेलं ते," आणि डबा न खाता वर्गात जाऊन बसली. ज्याच्यावर सगळ्यांना हसवलं, तो आपला बाप होता. ही गोष्ट तिला कुणालाच सांगता येईना. बाबांना तर नाहीच.

इथवर तिने काही वाईट केलं नव्हतं, नकळत हसली होती एवढंच. वाईट पुढे घडलं.

दोन-चार दिवसांनी आत्या अंगणातून तणतणत आली. "कोण आहे ते? पाणी टाकायची रीत नाही? किती दिवस बघतेय मी!" टाचणी मागच्या दारात टाचण्या वेचत होती. आत्याने तिलाच धरलं. "तू इथेच आहेस ना मघापासून? कोण गेलं होतं आत?"

बाबा गेले होते. टाचणीने पाहिलं होतं. मशीन खडखडत होतं आणि बाबांची पाठ तिच्याकडे होती.

"सांग ना, दातखीळ बसली का?"

"मावशी," टाचणी म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. मावशी तेवढ्यात समोरच्या दुकानातून दोरा घेऊन परत येत होत्या, आणि शेवटचा शब्द त्यांनी ऐकला. मशीनचा आवाज एकदम थांबला. टाचणीने पाहिलं, बाबांचा पाय पायडलवर तसाच अधांतरी राहिला होता. तिला वाटलं, आता ते वळतील आणि म्हणतील, "नाही, मी होतो." ते वळले नाहीत. क्षणभराने पाय खाली आला आणि मशीन पुन्हा चालू झालं.

आत्या काय काय बोलली ते मी इथे सांगत नाही. दारात एक गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला उभं होतं, त्याच्यासमोर बोलली, एवढं पुरे. मावशी नेहमी फटकन उत्तर देणाऱ्या, पण या वेळी त्या आत्याकडे वळल्याच नाहीत. त्यांनी टाचणीकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच, 'तू?' असं. मग आणलेला दोरा स्टुलावर ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाल्या, "बाई, माझं वय काय, आणि मला शिकवता काय. असू दे."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. नंतरही नाहीत. रिकामं स्टूल दाराशी होतं. काजं आत्या करू लागली, आणि ती अशी वाकडीतिकडी की गिऱ्हाइकाने बटण लावलं तर कोट एका बाजूला हसायचा. मास्तर ती पाहत, पण एरवी एक टाका चुकला तरी उसवायला लावणारा माणूस आता गप्प बसे. त्या घरात दोघांना खरं माहीत होतं, आणि ते दोघं जेवताना एकमेकांच्या ताटाकडेसुद्धा बघत नव्हते.

खाज काही कमी होईना. नखांनी मास्तरांचे हात ओरखडून निघाले. शेवटी आत्यानेच हुकूम सोडला, "आज दुकान लवकर बंद. डॉक्टरकडे जायचं. आणि तू टाचणे, एकटी घरी राहून काय उजेड पाडणार आहेस, तू पण चल."

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. संध्याकाळची गर्दी, बाकांवर दाटीवाटी, कुणाचा खोकला, कुणाचं रडकं मूल. डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी मास्तरांना वजनकाट्यावर उभं केलं आणि भुवई उंचावली.

"मास्तर, बरेच उतरलात की हो."

"पथ्य, डॉक्टर. तुमचीच कृपा."

"कृपा जरा जास्तच झालेली दिसते." त्यांनी वरून खालपर्यंत एकदा पाहिलं. अगदी मापाचा सदरा, मापाची विजार. "कपड्यांवरून वाटत नाही. भूक?"

"आहे."

"पोटात, पाठीत दुखतं?"

"कामाचं थोडं."

"लघवी गडद होते का? कोऱ्या चहासारखी?"

"नाही, नाही."

डॉक्टरांनी हातावरचे ओरखडे पाहिले, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. वर पिवळट दिवा होता, त्या उजेडात सगळ्यांचेच डोळे पिवळट दिसत होते. मग त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "एक नीट सांगा. संडासला कशी होते? रंग बदललाय का? पांढुरकी, तेलकट, पाणी टाकलं तरी न जाणारी? लाजू नका. तसं असेल तर ही खाज कातडीची नाही, आतली आहे, आणि मग मला थांबून चालणार नाही."

टाचणी आत्याच्या खुर्चीमागे उभी होती. डॉक्टरांनी जणू अंगणात येऊन पाहिलं होतं.

मास्तरांनी एकदा दाराकडे पाहिलं. दार नुसतं लोटलेलं होतं, बाहेर बाकावर त्यांची अर्धी गिऱ्हाइकं बसलेली. मग बहिणीकडे पाहिलं. टाचणीकडे मात्र पाहिलं नाही.

"नाही हो," ते म्हणाले. "सगळं व्यवस्थित आहे. लोकरीचं काम चालू आहे ना, त्याने."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी लावायला मलम दिलं, खाजेची गोळी दिली. "सवडीने रक्त तपासून घ्या. आणि कमी नाही झालं तर या."

आता सांगा, टाचणीने तेव्हाच तोंड का उघडलं नाही? तुम्ही म्हणाल, घाबरट होती. नाही. तिने मनात मांडून पाहिलं होतं. मी खरं सांगितलं, तर बाबांची लाज सगळ्यांसमोर जाईल. आणि आत्याला कळेल की त्या मावशी नव्हत्याच, म्हणजे मी खोटं बोलले. एका वाक्यात दोन माणसं उघडी पडणार होती, आणि त्यातलं एक ती स्वतः होती. झाकली मूठ बरी, असं मोठी माणसंही म्हणतात. ती तर लहान होती.

तिघं बाहेर पडली. आत्या खुशीत होती. "उगीच जिवाला घोर. मलम लाव आणि गप झोप." मास्तर पुढे चालत होते, जरा भरभरच, सुटल्यासारखे. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीपाशी ते थांबले, बसले, आणि चपलेचा पट्टा लावायला वाकले.

पट्टा लागलेला होता. टाचणी मागून येत होती, तिला दिसत होतं. ते तसेच वाकून राहिले, दोन्ही हात पोटाशी, कपाळ जवळजवळ गुडघ्याला टेकलेलं. आत्या पुढे भाजीच्या गाडीशी घासाघीस करत होती. कुणी बघत नाही असं वाटून मास्तरांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज आला. असा आवाज टाचणीने कधी ऐकला नव्हता.

ती वळली आणि दवाखान्याकडे पळत सुटली.

दाराशी नंबर देणारी ताई म्हणाली, "ए, ए, कुठे? आत्ताच गेलात ना? काही विसरलीस का?"

"हो."

"काय?"

"सांगायचं राहिलं."

आत डॉक्टरांसमोर एक गृहस्थ जीभ बाहेर काढून बसले होते. टाचणीने त्यांना ओळखलं. कोटाचं माप द्यायला दारात उभे होते ते हेच. तिचे पाय क्षणभर अडले. मग ती बोलली, आणि घाईघाईत जरा मोठ्यानेच बोलली.

"डॉक्टर, बाबा खोटं बोलले. पांढरी होते. खडूसारखी. तेलकट. दोन बादल्या टाकल्या तरी जात नाही. मी पाहिलंय. पाठीत दाभण घातल्यासारखं होतं, म्हणून ते सारखे वाकून बसतात, काम आहे म्हणून नाही. आणि ते विजार सारखी आत घेतात, म्हणून कुणाला कळत नाही."

गृहस्थांची जीभ अजून बाहेरच होती. डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"किती दिवस?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून असेल." तिने टेबलाची कड धरली. "मला माहीत होतं. मी मघाशी पण सांगितलं नाही."

डॉक्टरांनी मास्तरांचा कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "सडपातळ माणूस, घराण्यात नसताना अचानक साखर, त्यावर वजन उतरतंय. 'पथ्य' म्हणाले आणि मीही हसून सोडून दिलं. मला रक्त आजच काढायला हवं होतं. बाहेर रांग होती म्हणून घाई केली." त्यांनी हातातला टॉर्च खाली ठेवला. "जा, बाबांना घेऊन ये. ओढून आणावं लागलं तरी आण."

मास्तर पायरीवरच होते. आत्या त्यांच्यापाशी उभी राहून टाचणीला शोधत होती. "कुठे उधळली होतीस?"

टाचणी बाबांसमोर उभी राहिली. "बाबा, मी डॉक्टरांना सांगितलं."

मास्तरांचा चेहरा उतरला.

"काय सांगितलंस?" आत्या म्हणाली. "काय चाललंय तुमचं बापलेकीचं?"

"आत्या, संडासात त्या मावशी नव्हत्या. मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं."

आत्याचा तो मोठा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. तिने भावाकडे पाहिलं. मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "पोरीला बोलू नकोस ताई. मी तिथेच होतो, मशीनवर. सगळं ऐकत होतो. त्या बाईने माझ्या जागी बोलणी खाल्ली, आणि मी शिवत राहिलो." ते भिंतीला धरून उठले. "आणि डॉक्टरसमोर काय सांगू गं? एवढ्या वयाचा माणूस. जिथे तिथे चारचौघांत काढायच्या गोष्टी आहेत का या?"

"बाहेर सांगायच्या नसतील," आत्या कशीबशी म्हणाली. "पण डॉक्टरला, रे?"

तिघं परत गेली. या वेळी डॉक्टरांनी दार घट्ट लावून घेतलं. मास्तरांनी आधी अडखळत, मग न थांबता सगळं सांगितलं. लघवीही गडद होत होती, तेही सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा डोळे पाहिले, या वेळी पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात. पिवळी छटा होती, नुकतीच धरलेली.

"ऐका," त्या म्हणाल्या. "यकृतातून पित्त आतड्यात उतरतं, शीला रंग येतो तो त्यानेच. तुमचा रंग गेला, म्हणजे वाट कुठेतरी अडली आहे. खडा असेल, सूज असेल. शेजारी स्वादुपिंड म्हणून एक ग्रंथी असते, पोटाच्या मागे, पाठीला लागून. तिथे गाठही असू शकते, कर्करोगाची. तुमचं दुखणं आणि ही नवी साखर, यामुळे ते बघितल्याशिवाय मी सोडणार नाही. रक्त आत्ता काढते. उद्या सकाळी मोठ्या रुग्णालयात जाऊन पोटाचे फोटो काढायचे. घाबरवत नाही, पण खोटा धीरही देत नाही. काय आहे ते उद्या-परवा कळेल. जे असेल ते लहान असताना हाताशी लागलं तर करता येण्यासारखं जास्त असतं, एवढं नक्की."

मास्तरांनी मान हलवली. बाही वर केली. दंड केवढा बारीक झाला होता ते आत्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला.

बाहेर बाकावर बसून टाचणी वाट बघत राहिली. मघाचे गृहस्थ औषध घेऊन जाता जाता तिच्यापाशी क्षणभर थांबले आणि निघून गेले. तिचे कान पुन्हा तापले. सांगून टाकलं की लाज जाईल, असं तिला वाटलं होतं. तशी ती गेली नव्हती. अजून बरीच शिल्लक होती, आणि ती कुठे न्यायची हे तिला माहीत होतं.

आत्या बाहेर आली तेव्हा टाचणी उठली. "आत्या, मी मावशींकडे जाऊन येते."

"आत्ता? थांब, मलाही यायचंय. माझीच जीभ सैल सुटली होती."

"तू बाबांजवळ थांब. तू उद्या ये. मी आधी जाते."

दवाखान्यासमोरचा रस्ता ओलांडून ती गल्लीत शिरली. मावशींच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत दिवा लावून त्या कुणाचं तरी बटण लावत बसल्या होत्या, दातांत दोरा. तिला पाहून त्यांनी दोरा तोडला नाही, फिरकीही घेतली नाही.

"काय गं? काजांसाठी पाठवलं तुझ्या आत्याने?"

"नाही."

"मग?"

मावशींनी बसायला चटई पुढे सरकवली. टाचणी बसली नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, हात मागे बांधले, आणि त्या दिवशी अंगणातल्या संडासात कोण गेलं होतं इथपासून सांगायला सुरुवात केली.